फीकलला जायचं तर: आयर्लंडमधल्या एका छोट्या संगीत महोत्सवाची तयारी

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर काउंटी आहे. तिच्या पूर्व भागात, स्लीव्ह ऑटी डोंगरांच्या पायथ्याशी, फीकल नावाचं गाव आहे. गाडी तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात घालेपर्यंत संपणारं. या गावात १९८८ पासून दर ऑगस्टमध्ये पारंपरिक संगीताचा महोत्सव भरतो. मोठा रंगमंच, मनगटाला बांधायची पट्टी, पडद्यावर मोठे दिसणारे कलाकार यांतलं काही तिथे नाही. पबमधलं एक टेबल, त्याभोवती पाच-सात माणसं, फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरायची भात्याची छोटी पेटी), आणि खिडकीवर पाऊस. तेवढ्यासाठी जपानपासून अमेरिकेपर्यंतचे लोक येतात.

मी लिमरिकमध्ये राहतो, फीकल इथून गाडीने तासाभराच्या आत. भारतातून आलेले मित्र-नातेवाईक दर उन्हाळ्यात तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो आहे. मुख्य सल्ला आधीच सांगतो: एकच गाव धरा, तिथे निदान तीन रात्री राहा, आणि छापील कार्यक्रमपत्रिकेच्या मागे धावू नका. पुढचं सगळं हे कसं जमवायचं त्याबद्दल आहे.

मोठा सोडून छोटा का

आयरिश संगीताचा सर्वांत मोठा मेळा म्हणजे ‘फ्ला क्योल’. १९५१ साली मलिंगरला सुरू झालेला हा मेळा आज लाखोंची गर्दी खेचतो. एकदा जरूर बघावा, पण पहिला अनुभव म्हणून नको. पंढरपूरला आषाढीलाच पहिल्यांदा जाण्यासारखं ते आहे: उत्साह खूप दिसतो, विठोबा दिसत नाही.

दुसरं टोक म्हणजे जुलैच्या सुरुवातीला मिलटाउन मॅलबेला भरणारी विली क्लॅन्सी समर स्कूल. क्लॅन्सी हे इलिन पाइप्सचे, म्हणजे आयरिश बॅगपाइपचे, थोर वादक, पेशाने सुतार. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षी ही शाळा सुरू झाली. शिकायचं असेल तर यासारखी जागा नाही. मात्र गाव लहान आणि विद्यार्थी हजाराच्या वर, त्यामुळे रात्री पबच्या दारातून आत शिरणंही कठीण. लीट्रिममधल्या ड्रमशॅन्बोला जुलैमध्ये जो मूनी समर स्कूल असते, ती थोडी मोकळी. नोव्हेंबरात एनिसचा ट्रॅड फेस्टिव्हल असतो. तिथे शहराच्या सोयी मिळतात, गाडी लागत नाही, पण साडेचार-पाचलाच काळोख होतो.

मी फीकलला झुकतं माप देतो त्याचं कारण तिथली चाल. पूर्व क्लेअरचं वादन आयर्लंडच्या मानाने संथ आहे. सूर रेंगाळतो, वेग दाखवायची घाई नसते, आनंदाच्या नाचाच्या चालीतही एक हुरहूर असते. ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला ही वाट लवकर सापडते. टला केली बँड हा १९४६ सालचा वाद्यवृंद याच पट्ट्यातला. तो अनेक दशकं सांभाळणारे पी. जो हेज फीकलजवळचे, आणि त्यांचा मुलगा मार्टिन हेज आज जगभर ऐकला जाणारा फिडलवादक आहे.

आयर्लंडमध्ये ऑगस्टचा पहिला सोमवार सुटीचा असतो. त्यानंतरच्या बुधवारी हा महोत्सव सुरू होतो आणि साधारण पुढच्या सोमवारपर्यंत चालतो. दरवर्षीची नेमकी तारीख महोत्सवाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

व्हिसा आणि वाट

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. आयर्लंड युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. पॅरिस-रोमसाठी काढलेला शेंगेन व्हिसा डब्लिनला चालत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना आयर्लंडचा वेगळा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. एकदाच प्रवेश हवा असेल तर त्याची फी ६० युरो, अनेकदा हवा असेल तर १०० युरो. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागदपत्रं व्हिसा केंद्रात द्यायची. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे ऑगस्टसाठी मेच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेलाच पाहिजे. अर्जासोबत ‘मी का येतो आहे’ असं सहीचं पत्र लागतं. त्यात ‘पर्यटन’ एवढंच लिहून थांबू नका. महोत्सवाच्या वर्गाची नोंदणी, राहण्याची पावती, दिवसवार बेत असं ठोस काही जोडा. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

आणखी दोन बारकावे. लंडनमार्गे येणार असाल तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी तपासा. आणि आलोच आहोत तर बेलफास्ट-डेरीही करू, असं मनात असेल तर लक्षात ठेवा की उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे. रस्त्यावर चौकी दिसत नाही म्हणून परवानगी लागत नाही असं नाही.

डब्लिन विमानतळावरून लिमरिकला थेट बस आहेत. रेल्वेने यायचं तर ह्यूस्टन स्टेशनवरून. शॅननला उतरणारं विमान मिळालं तर उत्तमच, तिथून फीकल पाऊण तासावर. पण लिमरिक किंवा एनिसपासून पुढचा तुकडा अवघड. फीकलला रेल्वे नाही. ‘लोकल लिंक’च्या बस दिवसातून मोजक्या, आणि रात्री एकलाही मैफल रंगात असते तेव्हा तर काहीच नसतं. म्हणजे एक तर गावातच राहायचं, नाहीतर गाडी भाड्याने घ्यायची.

गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने आपल्याला सोपं वाटतं. रस्ते मात्र अरुंद. दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झुडपं, मध्ये कधी कधी गवताची रेघ. अशा वाटेला इथे ‘बोरीन’ म्हणतात. समोरून ट्रॅक्टर आला तर जो रुंद जागेच्या जवळ असेल त्याने मागे यायचं, आणि जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. हे बोट म्हणजे इथला रामराम. ते न उचलणारा माणूस बाहेरचा हे लगेच कळतं. ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर २०२५ पासून वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे, आणि वळणं बघता तीही कधी कधी जास्त वाटते. दारू पिऊन गाडी चालवण्याचे नियम कडक आहेत, एका पाइंटचाही हिशेब धरू नका. चौघे जात असाल तर कोण पिणार नाही ते आधीच ठरवा.

खोली: हे काम जानेवारीत

फीकलमध्ये खोल्या थोड्या आहेत आणि बऱ्याचशा दरवर्षी येणाऱ्यांनी धरून ठेवलेल्या असतात. हॉटेलांच्या अॅपवर शोधून ‘काही शिल्लक नाही’ दिसलं तर निराश होऊ नका. महोत्सवाच्या आयोजकांना ईमेल लिहा. त्या आठवड्यात घरातली एखादी खोली देणारी कुटुंबं त्यांना ठाऊक असतात. बेड-अँड-ब्रेकफास्टवाल्यांशी फोनवर बोललेलं जास्त कामाचं. अॅपमध्ये ‘नाही’ म्हणणारी बाई फोनवर बोलता बोलता ‘थांबा, माझ्या बहिणीला विचारते’ म्हणते.

गावात नाहीच मिळालं तर टला आणि स्कॅरिफ ही जवळची गावं, किलालू थोडं लांब, एनिस सुमारे तीस किलोमीटर. एनिसला उतरणं सोयीचं वाटतं, पण दर रात्री परतीच्या चिंतेने अकरालाच उठावं लागतं आणि खरी मजा तेव्हाच सुरू होत असते. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. तंबूची सवय असेल तर कॅम्पिंगची चौकशी करा, फक्त तंबू पावसात टिकणारा हवा.

कान तयार करून जा

पूर्वतयारीशिवाय गेलात तर पहिल्या रात्री सगळ्या चाली सारख्याच वाटतील. यात कमीपणा नाही, भैरव आणि कालिंगडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याचंही तेच होतं. घरी पंधरा दिवस रोज अर्धा तास ऐकलंत तरी पुष्कळ फरक पडतो.

सुरुवात तालापासून करा, कारण तिथे आपण अर्धी लढाई जिंकलेलीच असते. ‘जिग’ म्हणजे सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन गटांत. दादरा डोक्यात ठेवा आणि लय वाढवा. ‘रील’ चार-चारच्या गटांत पळते, तिला केहरव्याच्या अंगाने पकडता येतं. ‘हॉर्नपाइप’ रीलसारखीच पण झुलती आणि सावकाश. ‘स्लिप जिग’ नऊ मात्रांची, आणि तिच्यात जो हेलकावा आहे तो एकदा कळला की मग दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. निदान माझं तसं झालं. पोल्का आणि स्लाइड हे प्रकार दक्षिणेकडचे, केरी-कॉर्ककडचे. क्लेअरमध्येही कानावर पडतात.

रचना ठरलेली. बहुतेक चालींचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मापांचा आणि तो दोनदा. एक फेरी बत्तीस मापांची. चाल दोन-तीन वेळा वाजवायची आणि न थांबता दुसरीत शिरायचं, मग तिसरीत. अशा तीन चालींच्या माळेला ‘सेट’ म्हणतात. सेटमधला खरा थरार चाल बदलते त्या क्षणात असतो. सूरच सरकतो, टेबलाभोवतीचे वादक एकमेकांकडे बघतात, कोणीतरी हलकेच ‘हप!’ म्हणतं. आपल्याकडे समेवर मान हलते तशी इथे त्या वळणावर हलते. ते वळण ओळखता आलं की तुम्ही प्रेक्षक न राहता ऐकणारे झालात.

विस्तार, आलाप, ताना शोधू नका. कलाकारी आहे ती बारीक जागांत: एका सुराआधी चाटून जाणारा दुसरा सूर, तीन सुरांची गिरकी, गजाच्या एका ओढीतला झोल. दुसऱ्यांदा तोच भाग येतो तेव्हा काय बदललं एवढंच ऐका. सुरावटी सगळे एकत्र, एकाच चालीत वाजवतात. इलिन पाइप्सच्या खाली ‘ड्रोन’ म्हणजे आधारसुरांच्या नळ्या असतात, त्यांचं काम तंबोऱ्याचं. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने हवा भरतात. या वादनपरंपरेला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं.

डब्लिनमध्ये एक दिवस हातात असेल तर मेरियन स्क्वेअरमधल्या ‘आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह’ला जा. १९८७ पासूनचा हा संग्रह आहे आणि त्यातलं बरंच काही घरबसल्या ऑनलाइन ऐकता येतं.

बॅगेत काय

ऑगस्ट असला तरी स्वेटर आणि चांगला रेनकोट. दिवसा अठरा-एकोणीस अंश, रात्री अकरा-बारा. छत्री नको, वारा ती उलटी करतो. पबमध्ये उकडतं आणि बाहेर गारठा असतो, म्हणून थरांनी कपडे घाला. आपला गोल पिनांचा प्लग चालत नाही, ब्रिटनसारखा चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर न्या. थोडे सुटे युरो जवळ ठेवा, दाराशी तिकीट किंवा सीडी घेताना लागतात.

खाण्याचे पदार्थ नेताना एक नियम पाळा: भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, तूप, बर्फी घरीच ठेवा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग चालतं.

दिवस कसा जातो

सकाळी वर्ग असतात. फिडल, बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, अॅकॉर्डियन अशी वाद्यं, आणि आगाऊ नोंदणी. पूर्ण नवख्यांनी टिन व्हिसलचा, म्हणजे पत्र्याच्या छोट्या उभ्या बासरीचा, वर्ग घ्यावा. ती दहा-पंधरा युरोंना मिळते आणि ‘डी’ पट्टीचीच घ्यायची. शिकवणं कानावर आहे. शिक्षक एक तुकडा वाजवतो, तुम्ही परत वाजवता, तो पुढचा देतो. मुखडा-मुखडा करत शिकलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. वहीपेक्षा फोनचा रेकॉर्डर उपयोगी, पण शिक्षकाला विचारून. आठ वर्षांची पोरगी शेजारी बसून तुमच्या तिप्पट वेगाने चाल उचलेल. हसा आणि पुढे चला.

दुपारी झोपा. हा सल्ला गंभीरपणे देतो आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला इथे सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो आणि दिवसाचं भान राहत नाही. दुपारी फिरता, संध्याकाळी मैफलीला बसता, आणि रात्री अकराला अंगात त्राण उरत नाही.

झोप येतच नसेल तर गावातल्या चर्चच्या आवारात जा. आयरिश भाषेतला अठराव्या शतकातला कवी ब्रायन मेरिमन इथेच पुरलेला आहे. १७८० च्या सुमाराची त्याची दीर्घ कविता म्हणजे बायकांनी पुरुषांवर भरलेला खटला. ती जिथे सुरू होते तो लॉक ग्रेनी तलाव उत्तरेला गाडीने जवळच आहे. एकोणिसाव्या शतकातली जडीबुटीवाली बिडी अर्ली हीसुद्धा याच गावची. तिच्या निळ्या बाटलीच्या गोष्टी पबमध्ये कोणीही सांगेल, आणि प्रत्येकाची वेगळी असेल.

संध्याकाळी तिकिटाची मैफल किंवा नाच. साडेनऊ-दहानंतर पबमध्ये ‘सेशन’ सुरू होतात. पेपर्स आणि शॉर्ट्स ही तिथली नावाजलेली ठिकाणं. मुलं बरोबर असतील तर दुपारच्या सेशनला न्या, कारण मे ते सप्टेंबर रात्री दहानंतर अठरा वर्षांखालच्यांना बारमध्ये थांबता येत नाही.

टेबलाभोवती

आता मुख्य गोष्ट. सेशन म्हणजे मैफल नव्हे. वादक एकमेकांसाठी वाजवतात, तोंडं आत, पाठी बाहेर. आपण त्या वेळी तिथे असतो, इतकंच. गावच्या देवळात एकादशीला भजन चालू असतं, कोणी येऊन खांबाला टेकून ऐकतं, कोणी टाळ उचलतं, कोणी चहा घेऊन जातं. तसं समजा. त्या भजनातही कुठे बसायचं आणि पखवाजाला कोणी हात लावायचा याचे न लिहिलेले नियम असतातच.

पहिला नियम खुर्चीचा. टेबलाजवळची रिकामी खुर्ची रिकामी नसते. तिचा मालक बाहेर सिगारेट ओढायला गेलेला असतो (आयर्लंडमध्ये २००४ पासून पबच्या आत धूम्रपानाला बंदी आहे) किंवा काउंटरवर असतो. मी पहिल्या वर्षी अशाच एका खुर्चीत जाऊन बसलो. थोड्या वेळाने हातात पाइंट घेतलेला एक माणूस माझ्यामागे येऊन उभा राहिला, दोन चाली संपेपर्यंत काही बोलला नाही. शेवटी शेजारच्या आजीबाईंनी गोड आवाजात विचारलं, “मग, तुम्ही काय वाजवता?” इथे ‘ऊठ’ असं कोणी म्हणत नाही, हा प्रश्न विचारतात. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसा, भिंतीला टेकून उभे राहा, किंवा काउंटरच्या टोकाशी जागा धरा. लवकर, म्हणजे नऊच्या आधी या.

दुसरा, टाळ्यांचा. तालावर टाळ्या वाजवू नका. खोलीतल्या टाळ्या नेहमी थोड्या उशिरा पडतात आणि वादकांच्या पायाच्या ठेक्यावर चढतात. स्वतःच्या पायाने ठेका धरा, पुरे. सेट संपला की टाळी द्या, ‘लव्हली’ म्हणा. मध्येच ‘वाहवा’ निघाली तर काही बिघडत नाही, उलट त्यांना ते आवडतं. फक्त हळू.

तिसरा, फर्माइश. ‘वन्स मोअर’ आणि ‘ते अमुक गाणं घ्या ना’ हे दोन्ही विसरा. शिवाय वाद्यावर वाजते ती ‘ट्यून’. ‘साँग’ म्हणजे शब्द असलेलं गाणं. ट्यूनला साँग म्हणालात की समोरचा दुरुस्त करणार नाही, पण मनात नोंद करेल. नाव विचारायचं असेल तर सेट संपल्यावर. ‘ठाऊक नाही’ असं उत्तर मिळालं तर ते टाळणं नाही. असंख्य चाली वाजवणाऱ्याला कोणाकडून शिकला त्याच्या नावानेच माहीत असतात. छापील संग्रहांतही अशा चालींवर ‘गन अनम’ म्हणजे ‘बिननावाची’ असं लिहिलेलं असतं.

आवाजाबद्दल आपली चूक उलट्या बाजूने होते. ट्यून चालू असताना पबमध्ये गप्पा चालतात, पेले वाजतात, आणि वादकांना ते खपतं. आपल्याला तो कलेचा अपमान वाटतो. तसं काही नाही, नाचाचं संगीत आहे, गोंगाटात वाढलेलं. मात्र कोणी गायला लागलं, किंवा संथ ‘एअर’ सुरू झाली, की सगळा पब गप्प होतो. काउंटरवरची माणसं पैसे मोजायचं थांबतात. तेव्हा खुर्चीही हलवू नका. ‘शॅन नोस’ म्हणजे जुन्या वळणाचं गाणं, साथीशिवाय, बहुधा डोळे मिटून. कधी शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेऊन सावकाश गोल फिरवत राहतो. हे पाहायला मिळालं तर फोन खिशातच ठेवा.

एकंदरीतच चित्रण विचारून, थोडंसं, आणि प्रकाश न टाकता. सबंध सेट उभ्या-उभ्या चित्रित करणाऱ्याकडे कोणी रागाने पाहत नाही. पाहतच नाही, आणि मग बोलतही नाही.

गाणाऱ्याला पुढच्याचं नाव घ्यायचा मान असतो, त्याला ‘नोबल कॉल’ म्हणतात. तुम्ही लांबून आलेले पाहुणे, तेव्हा नाव तुमचं येऊ शकतं. म्हणून घरून एक गाणं पाठ करून या: एखादा अभंग, जात्यावरची ओवी, भूपाळी. पूर्ण येत असलेलं, दोन-तीन कडव्यांचं, साथीशिवाय उभं राहणारं. आधी दोन वाक्यांत अर्थ सांगा. फोनवर ट्रॅक लावून गाऊ नका, ते अजिबात चालत नाही. आवाज साधा असला तरी हरकत नाही. बेसूर गाणाऱ्यालाही इथे शेवटपर्यंत ऐकतात.

स्वतःचं वाद्य असेल तर

बासरीवाल्यांसाठी आनंदाची बातमी. पांढरी पाचची बासरी घेतली, तर सगळी भोकं बंद असताना निघणारा मंद्र पंचम हा ‘डी’ असतो. तिथून एकेक बोट उचलत गेलात की प, ध, नी, सा, रे, ग, तीव्र म हे सूर नेमके आयरिश बासरीचे आणि टिन व्हिसलचे. पट्टी आंतरराष्ट्रीय मापाला जुळते का एवढं ट्यूनरवर तपासा. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त तारा पाश्चात्त्य पद्धतीने जुळवलेल्या.

तबलजींना मात्र आवरायला सांगेन. सेशनमध्ये ‘बाउरॉन’ नावाचा डफासारखा वाद्यप्रकार असतो आणि तोसुद्धा एका वेळी एकच चालतो. दुसरा आला की पहिला थांबतो. गिटारचंही बहुधा तेच. तबला आणि पेटी खोलीवरच राहू द्या.

टेबलात शिरायची पद्धत अशी: वाद्य पेटीतच ठेवून दोन-तीन सेट ऐका. पबमालक बऱ्याचदा दोन-तीन वादकांना मानधन देऊन बसवतो, टेबल त्यांचं असतं. सुरुवात कोण करतं ते पाहिलं की ते ओळखू येतात. त्यांना मधल्या वेळात विचारा. ‘बस की’ म्हणाले तर येतात तेवढ्याच चाली वाजवा. न येणाऱ्या चालीवर अंदाजाने सूर लावत बसणं हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा. नवख्यांसाठी सावकाश चालणारी सेशन असतील तर कार्यक्रमपत्रिकेत दिलेली असतात, तिथून आरंभ करा.

केली

उच्चार ‘मजा केली’ मधला. हा नाचाचा कार्यक्रम. क्लेअरमध्ये ‘सेट डान्सिंग’ चालतं: चार जोड्या चौकोनात, ठरलेल्या आकृत्या, मध्ये विसावा. आदल्या दिवशी शिकवणी वर्ग असेल तर तो करा, नाहीतर थेट उतरा आणि अनुभवी जोडीदार मागून घ्या. ‘मला येत नाही’ हे आधीच सांगितलं की सत्तरीची बाई तुम्हाला दंडाला धरून योग्य जागी नेऊन ठेवते. रबरी तळव्याचे बूट लाकडी जमिनीला चिकटतात, गुळगुळीत तळव्याचे घाला. पाण्याची बाटली आणि एक जादा शर्ट जवळ असू द्या.

खाणंपिणं

न पिणाऱ्याला पबमध्ये कोणी हसत नाही. कोल्ड्रिंकला इथे ‘मिनरल’ म्हणतात, चहाही मागता येतो, बिनअल्कोहोलची स्टाउट (काळी बिअर) बहुतेक ठिकाणी मिळते. मंडळी आळीपाळीने सगळ्यांसाठी पेयं घेतात, त्याला ‘राउंड’ म्हणतात. दुसऱ्याचं घेतलंत की तुमची पाळी येतेच, ती विसरू नका. काउंटरवर टिप लागत नाही. वादकाला काही पाजायचं असेल तर सेटच्या मध्ये विचारा, वाजवत असताना पेला पुढे करू नका.

जेवण मात्र नऊपर्यंत आटपा, नंतर स्वयंपाकघर बंद. शाकाहारी माणसाला सूप, टोस्टेड सँडविच, बटाटे एवढ्यावर भागवावं लागतं. भाज्यांचं सूपही कोंबडीच्या पाण्यातलं असू शकतं, विचारून घ्या. सकाळच्या पूर्ण आयरिश न्याहारीत डुकराचं मांस तीन-चार रूपांत येतं. घरमालकिणीला आदल्या रात्री सांगून ठेवलं तर ती अंडी, मश्रूम, टोमॅटो आणि सोडा ब्रेडचं ताट करून देते. त्या ब्रेडवर शेंगदाण्याची चटणी फार चांगली लागते.

शेवटचा दिवस

बहुतेक पाहुणे रविवारी दुपारी निघतात. जमलं तर सोमवारपर्यंत थांबा. गर्दी ओसरलेली असते, पाच दिवसांच्या जागरणाने वादकांचे चेहरे उतरलेले असतात, आणि वादन सैल, निवांत होतं. मागच्या वर्षी अशाच एका दुपारी टेबलाजवळची खुर्ची खरोखरच रिकामी होती. मी तरीही विचारूनच बसलो.

निघताना वादकांच्या सीडी त्यांच्याकडूनच घ्या. आणि सामान गाडीत टाकायच्या आधी घरमालकिणीला पुढच्या वर्षीचं सांगून ठेवा. ती फोन काढणार नाही. फ्रिजवर टांगलेल्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने तुमचं नाव लिहील, स्पेलिंग दोनदा विचारून.